गुडघ्यातील अस्थिबंधाची पुनर्रचना आणि एमआरआय परीक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोध, शोधकर्ते आणि त्यांचे सन यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु रुग्ण 'बरा झाला' हे त्या त्या काळात कोणत्या पुराव्यावरून ठरवले गेले, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. वास्तविक हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला जवळचा आहे. पुरावा म्हणजे काय, तो कोणी तपासला आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कितपत टिकतो, हेच इतिहासलेखनाचेही मूलभूत प्रश्न आहेत. गुडघ्यातील अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजेच 'एसीएल' या नावाने परिचित असलेला पुढचा अस्थिबंध तुटल्यानंतर केली जाणारी पुनर्रचना शस्त्रक्रिया हे या दृष्टीने एक बोलके उदाहरण आहे. ही शस्त्रक्रिया सव्वाशे वर्षांच्या प्रयत्नांतून घडली. तिच्यानंतरची प्रगती मोजण्याची साधनेही याच काळात बदलत गेली आणि त्यांतील सर्वांत प्रभावी साधन म्हणून आज एमआरआयकडे पाहिले जाते.

या विषयाचा आपल्या शैक्षणिक जीवनाशीही प्रत्यक्ष संबंध आहे. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत वेगाने धावताना एकदम वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे किंवा पकडीत गुडघा पिळवटणे या कारणांनी हा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रिया झालेला विद्यार्थी काही महिन्यांनी एमआरआयचा अहवाल घेऊन क्रीडा संचालकांसमोर उभा राहतो आणि "आता खेळू का ?" असे विचारतो. त्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर असते काय, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) एसीएल शस्त्रक्रियेच्या विकासाचे प्रमुख टप्पे पाहणे.
२) त्या त्या टप्प्यावर 'बरे होणे' या संकल्पनेचा अर्थ कसा बदलला, हे तपासणे.
३) एमआरआय तंत्राचा उगम व पुनर्रचित अस्थिबंधाच्या परीक्षणातील त्याचा प्रवेश यांचा आढावा घेणे.
४) या परीक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा ऐतिहासिक दृष्टीने स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. निबंधाची भूमिका वैद्यकीय सल्ला देण्याची नसून एका ज्ञानव्यवहाराचा इतिहास समजून घेण्याची आहे.

विषय विवेचन :

१. अस्थिबंधाची ओळख आणि पहिल्या शस्त्रक्रिया

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या मध्यभागी जोडणारे दोन बळकट अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याच्या पिळवटण्यावर नियंत्रण ठेवतो. ग्रीक वैद्य गॅलेन याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या बंधांचे वर्णन केले होते. तथापि त्यांच्या कार्याचा यांत्रिक अंगाने विचार १९ व्या शतकात सुरू झाला. जर्मनीतील विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी मानवी चालण्याच्या यंत्रणेवर १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बंधांची भूमिका मांडली.

तुटलेल्या बंधावर शस्त्रक्रिया करण्याचा पहिला नोंदवलेला प्रयत्न इंग्लंडमधील लीड्स येथे १८९५ मध्ये आर्थर मेयो रॉबसन यांनी केला. रुग्ण ४१ वर्षांचा खाणकामगार होता. खाणीत माती अंगावर कोसळून त्याच्या गुडघ्यातील दोन्ही बंध तुटले होते. रॉबसन यांनी ते आतड्याच्या धाग्याने शिवले व या रुग्णाची हकीकत १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा वर्षांनी हा कामगार न लंगडता चालत होता, धावूही शकत होता आणि आपला पाय मजबूत असल्याचे सांगत होता. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, क्ष-किरणांचा शोध त्याच १८९५ सालचा. आणि क्ष-किरणांतही अस्थिबंध दिसत नाही. म्हणजेच शिवलेल्या बंधाचे आत काय झाले, हे रॉबसन यांना पाहता येणे शक्यच नव्हते. बरे होण्याचा पुरावा होता तो रुग्णाच्या चालण्याचा आणि त्याच्या स्वतःच्या शब्दाचा.

पुढचे महत्त्वाचे पाऊल ब्रिस्टल येथील अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये टाकले. तुटलेला बंध शिवण्याऐवजी त्यांनी मांडीच्या बाहेरील बाजूच्या पट्ट्याची एक फीत हाडांतील छिद्रांतून ओवून नवा बंध तयार केला आणि १९२० मध्ये १४ रुग्णांचा वृत्तान्त मांडला. दुरुस्तीकडून पुनर्रचनेकडे झालेला हा बदल पायाभूत होता. हाडांत बोगदे पाडून शरीरातीलच दुसरी ऊती त्यांतून नेणे, हे आजच्या शस्त्रक्रियेचे सूत्र त्यातच आढळते.

२. हाताची परीक्षा व मोजमापाचे युग

यानंतरची काही दशके दुरुस्ती आणि पुनर्रचना हे दोन्ही मार्ग समांतर चालले. १९६० च्या दशकात गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा उपयोग करणाऱ्या पद्धती पुढे आल्या. केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत त्यांतील एक होय. दुसरीकडे, केवळ शिवून केलेल्या दुरुस्तीचे अपयश १९७६ मध्ये स्पष्टपणे पुढे आले. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीतील छात्रांचा पाच वर्षे पाठपुरावा केल्यानंतर फेगिन व कर्ल यांना असे आढळले की, आरंभी बरे वाटलेले अनेक गुडघे पुढे पुन्हा अस्थिर झाले होते. रुग्ण लवकर तपासला तर 'यश' आणि उशिरा तपासला तर 'अपयश', असा हा अनुभव होता. निष्कर्ष कोणत्या वेळी काढला जातो यावर त्याचे स्वरूप अवलंबून असते, हा इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेला धडा वैद्यकाने येथे नव्याने घेतला.

याच वर्षी जोसेफ टॉर्ग यांनी आपले गुरू जॉन लॅकमन यांची परीक्षापद्धती प्रसिद्ध केली. गुडघा थोडासा वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची, अशी ही साधी परीक्षा आजही प्रमाण मानली जाते. परंतु तिचा निर्णय परीक्षकाच्या हातावर अवलंबून असतो. ही व्यक्तिनिष्ठता कमी करण्यासाठी १९८० च्या दशकात केटी-१००० हे उपकरण आले व नडगी किती मिलिमीटर पुढे सरकते, हे आकड्यांत मांडता येऊ लागले. दोन गुडघ्यांतील फरक ३ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास तो लक्षणीय समजला जाऊ लागला. १९८२ मधील लिशोम गुणांकन आणि पुढे १९९३ मधील आंतरराष्ट्रीय गुडघा समितीचा नमुना यांनी रुग्णाच्या अनुभवालाही गुणांत बसवले.

शस्त्रक्रियेचे तंत्रही याच काळात बदलले. १९८० मध्ये इंग्लंडमधील डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने एसीएलची पुनर्रचना केली. गुडघा पूर्ण उघडण्याची गरज हळूहळू उरली नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर पाय अनेक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याची प्रथा प्रचलित होती. इंडियानापोलिस येथील डोनाल्ड शेलबोर्न यांच्या असे लक्षात आले की, जे रुग्ण सूचना मोडून लवकर हालचाल करू लागले, त्यांची प्रगती आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगली होती. यातूनच शेलबोर्न व निट्झ यांनी १९९० मध्ये त्वरित पुनर्वसनाचा कार्यक्रम मांडला. आता रुग्ण काही महिन्यांतच मैदानाकडे वळू लागला आणि म्हणूनच एक नवा प्रश्न तातडीचा झाला : बाहेरून सशक्त दिसणाऱ्या गुडघ्याच्या आत बसवलेला नवा बंध खरोखर तयार झालेला असतो काय ?

३. बंध 'जिवंत' होण्याची प्रक्रिया

या प्रश्नाचे गांभीर्य प्राण्यांवरील प्रयोगांतून समजले. स्टीव्हन आर्नोक्झकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, बसवलेली कंडरा प्रथम रक्तपुरवठ्याविना राहते व नंतर भोवतालच्या ऊतींतून तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. १९८६ मध्ये डेव्हिड अमिएल आणि सहकाऱ्यांनी सशांवरील अभ्यासातून, कंडरेचे गुणधर्म कालांतराने अस्थिबंधासारखे होत जातात, असे मांडले व या रूपांतराला 'लिगामेंटायझेशन' असे नाव दिले. आपण त्याला 'अस्थिबंधीकरण' म्हणू शकतो.

या प्रक्रियेत एक विरोधाभास दडलेला आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी बसवलेली कंडरा बळकट असते. त्यानंतर तिच्यातील मूळ पेशी मरतात, नव्या पेशी येतात, कोलॅजेनच्या तंतूंची फेरमांडणी होते आणि या संक्रमणकाळात ती दुबळी होते. म्हणजेच सूज उतरून रुग्णाला बरे वाटू लागते, नेमका तोच काळ आतील बंधाच्या दुबळेपणाचा असू शकतो. प्राण्यांमध्ये ठरावीक आठवड्यांनी बंध काढून, ताणून तोडून त्याचे बळ मोजता येते. माणसाच्या बाबतीत हे अशक्य आहे. दुर्बिणीतून लहानसा तुकडा काढून तपासता येतो, पण त्यासाठी बऱ्या होत असलेल्या गुडघ्यात पुन्हा शिरावे लागते. न कापता आत पाहण्याच्या साधनाची गरज अशी निर्माण झाली होती आणि ते साधन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून येऊ घातले होते.

४. एमआरआयचा उगम

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची घटना इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणुशलाकांत दाखवली. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये ती द्रव व घन पदार्थांत स्वतंत्रपणे सिद्ध केली व त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासात भारतीयांचा सहभाग आहे, हे येथे नोंदवणे उचित ठरेल. स्टॅनफर्ड येथे १९५१ मध्ये अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनचे वेगवेगळे संदेश ओळखणाऱ्या प्रसिद्ध संशोधनात अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्माट्टी हे सहलेखक होते. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये अर्बुदाच्या ऊतींचे अनुस्पंदन निरोगी ऊतींहून भिन्न असल्याचे दाखवले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारांचा उपयोग करून प्रतिमा मिळवण्याची पद्धत मांडली, तर पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिती व वेगवान रूप दिले. १९७७ मध्ये डमाडियन यांच्या यंत्राने मानवी छातीची पहिली प्रतिमा घेतली. तिला पावणेपाच तासांच्या आसपास वेळ लागला होता. १९८० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या गटाने रुग्णांसाठी उपयुक्त अशा प्रतिमा घेण्यास आरंभ केला. २००३ चे नोबेल पारितोषिक लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना देण्यात आले. डमाडियन यांना वगळल्याचा वाद वृत्तपत्रांतील जाहिरातींपर्यंत गेला. परंतु तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

गुडघ्याच्या एमआरआय प्रतिमा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध होऊ लागल्या. क्ष-किरणांना न दिसणारे अस्थिबंध, कूर्चा आणि गुडघ्यातील गाद्या प्रथमच न कापता दिसल्या. या प्रतिमेतील रंगांचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. एमआरआय मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनच्या प्रोटॉनांचा संदेश टिपते. निरोगी अस्थिबंधात पाणी कोलॅजेनच्या घट्ट तंतूंशी बांधलेले असते व त्याचा संदेश अत्यंत वेगाने विरतो. म्हणून तो बंध प्रतिमेत काळा दिसतो. सूज, नव्या पेशी किंवा विस्कळीत तंतू यांमुळे मुक्त पाणी वाढले की तो करडा वा पांढुरका दिसतो. बसवलेल्या बंधाची पक्वता मोजण्याची सारी कल्पना या काळ्या-करड्या फरकावर उभी आहे.

५. प्रतिमेची साक्ष आणि तिच्या मर्यादा

पुनर्रचनेनंतरच्या परीक्षणाला दिशा देण्यात कॅलिफोर्नियातील स्टीफन हॉवेल यांच्या अभ्यासमालेचा मोठा वाटा आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात त्याच त्या रुग्णांच्या क्रमाने प्रतिमा घेतल्या. त्यांना असे आढळले की, गुडघा सरळ करताना जो बंध मांडीच्या हाडाच्या खाचेच्या छतावर घासला जातो, त्याच्या खालच्या भागाचा संदेश वाढतो. जो घासला जात नाही तो काळाच राहतो. याचा अर्थ नडगीतील बोगदा चुकीच्या जागी, फार पुढे पाडला गेला होता. येथे प्रतिमेने रुग्णाइतकीच शस्त्रक्रियेचीही परीक्षा घेतली व बोगद्याच्या जागेविषयीचे तंत्र सुधारण्यास साहाय्य केले. एमआरआयचे हे योगदान निर्विवाद मानावे लागते. तुटलेला ग्राफ्ट, बोगद्याची जागा, बोगद्याचे रुंदावणे, तसेच गुडघा पूर्ण सरळ होऊ न देणारी 'सायक्लॉप्स' ही गाठ ओळखण्यास ते आजही उपयुक्त आहे.

पक्वतेच्या प्रश्नावर मात्र साक्षी परस्परांशी जुळल्या नाहीत. हॉवेल यांच्याच १९९५ मधील अभ्यासात, शिरेतून गॅडोलिनियम देऊन घेतलेल्या प्रतिमांत न घासलेल्या मानवी बंधात दोन वर्षांपर्यंत ठळक रक्तपुरवठा आढळला नाही. भोवतालच्या ऊतींत मात्र तो दिसला. प्राण्यांवरील प्रयोगांनी रंगवलेले रक्तवाहिन्या शिरण्याचे चित्र माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही, असा त्याचा अर्थ होता. याउलट बर्लिन येथील आंद्रेआस वायलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंढ्यांवरील दोन वर्षांच्या अभ्यासात, प्रतिमेतील संदेश जितका अधिक तितके बंधाचे यांत्रिक बळ कमी, असे नाते दाखवले. प्रतिमेवरून बळाचा अंदाज बांधता येईल, या आशेला यातून आधार मिळाला. पुढे मार्था मरे यांच्या गटाने डुकरांवरील अभ्यासांत संदेशाच्या जोडीला बंधाचे आकारमानही विचारात घेतले.

परंतु मेंढीपासून माणसापर्यंतचा प्रवास सरळ नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण भौतिक आहे. गॅरी फुलर्टन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवल्याप्रमाणे कंडरेचा संदेश चुंबकीय क्षेत्राशी ती कोणत्या कोनात आहे यावर अवलंबून असतो. सुमारे ५५ अंशांच्या कोनात निरोगी कंडराही उजळ दिसू शकते. तिरप्या जाणाऱ्या बंधाच्या बाबतीत ही दिशाभूल संभवते. दुसरे कारण मोजमापाचे आहे. साध्या एमआरआयमधील संदेशाला क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनसारखे निश्चित एकक नाही. यंत्र, कॉइल आणि घेण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. म्हणून संशोधक त्याची तुलना मागील अस्थिबंधाशी, वाटीखालच्या कंडरेशी किंवा प्रतिमेच्या पार्श्वभूमीशी करतात. मात्र कोणत्या आधाराशी तुलना करावी याविषयी एकवाक्यता नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. मानवी अभ्यासांत बसवलेल्या कंडरेचा संदेश साधारणतः पहिल्या काही महिन्यांत वाढतो व वर्षभराच्या सुमारास उतरू लागतो, असा क्रम अनेकदा दिसला. परंतु करडा बंध असलेल्या रुग्णाचा गुडघा हाताच्या परीक्षेत स्थिर असतो आणि काळा बंध असलेल्या रुग्णाला मैदानावर विश्वास वाटत नाही, असेही घडते. प्रतिमा, परीक्षा आणि अनुभव या तीन साक्षी नेहमी एकाच दिशेने बोलत नाहीत.

या संदर्भात हेगे ग्रिंडेम व सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. मांडीच्या पुढील स्नायूंचे बळ दोन्ही पायांत सारखे असणेही संरक्षक ठरले. या निष्कर्षात एमआरआयचा वाटा नव्हता. दिनदर्शिका, स्नायूंचे बळ आणि उडीच्या चाचण्या ही साधी साधनेच येथे निर्णायक ठरली.

६. वर्तुळाची पूर्तता

अलीकडच्या काळात हा इतिहास अनपेक्षित वळणावर आला आहे. सांध्यातील द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून तुटलेला बंध आपोआप सांधत नाही, या विचारातून मार्था मरे यांनी तुटलेल्या टोकांमध्ये रक्त धरून ठेवणारा कोलॅजेनचा आधार बसवण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये तिला मान्यता दिली. रॉबसन यांनी १८९५ मध्ये आरंभिलेली आणि १९७६ नंतर मागे पडलेली दुरुस्तीची कल्पना अशा रीतीने नव्या रूपात परतली. फरक इतकाच की, रॉबसन यांना खाणकामगाराच्या शब्दावर विसंबावे लागले. मरे यांना त्या बंधाचे भरून येणे प्रतिमेत महिन्यामागून महिना पाहता येते.

निष्कर्ष :

१) एसीएल शस्त्रक्रियेच्या इतिहासात 'बरे होणे' याचा अर्थ कामावर परतणे, हाताच्या परीक्षेतील स्थैर्य, मिलिमीटर व गुण आणि अखेरीस प्रतिमेतील पक्वता असा बदलत गेला. नव्या साधनाने जुन्या साधनाला पूर्णतः बाद केले नाही.

२) एमआरआयमुळे बसवलेल्या बंधाचे जैविक रूपांतर जिवंत माणसात, न कापता पाहणे शक्य झाले. शस्त्रक्रियेतील त्रुटी उघड करून तंत्र सुधारण्यातही त्याचा वाटा आहे.

३) प्रतिमेतील संदेश हा बंधाच्या बळाचा अप्रत्यक्ष पुरावा आहे. प्राण्यांत आढळलेले नाते माणसाला लागू करताना कोन, यंत्र व तुलनेचा आधार यांचा विचार अपरिहार्य ठरतो.

४) खेळाडूला मैदानावर परतण्याची अनुमती केवळ एमआरआय अहवालावरून देणे या इतिहासाच्या प्रकाशात समर्थनीय ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर लोटलेला काळ, स्नायूंचे बळ, हालचालींच्या चाचण्या, शल्यचिकित्सकाची परीक्षा आणि खेळाडूचा आत्मविश्वास यांच्या जोडीने तो अहवाल वाचला जावा.

समारोप :

इतिहासाचा अभ्यासक एखाद्या कागदपत्राला प्रमाण मानण्यापूर्वी ते कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने लिहिले हे विचारतो व दुसऱ्या साधनाशी ताडून पाहतो. एमआरआयची प्रतिमाही एक साधनच आहे आणि तिलाही हाच न्याय लागू होतो. विद्यापीठ पातळीवरील सामना तोंडावर आला असताना, अहवालाचा कागद पुढे करून संघात परतू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी तीन महिने थांबण्यास सांगणे शिक्षकाला जड जाते. एका स्पर्धेची संधी हुकल्याचे दुःख खरे असते. तथापि दुसऱ्यांदा तुटलेला बंध त्या विद्यार्थ्याचे केवळ एक वर्ष नव्हे, तर त्याचा खेळच हिरावून घेऊ शकतो. सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीतून आपल्यासारख्या अध्यापकांनी घ्यावयाचा बोध एवढाच की, गुडघ्याच्या आतले दिसू लागले म्हणजे सारे समजले असे नव्हे. आणि थांबणे हादेखील उपचाराचाच एक भाग आहे.